सुवर्णाक्षरांनी लिहायचे ते कोणी?



एप्रिल महिना आला की आपल्या गावोगावच्या व्यासपीठांवरून एक वाक्य हमखास कानी पडते. "या घटनेची नोंद इतिहासात सुवर्णाक्षरांनी होईल!" पुढारी म्हणतात, वक्ते म्हणतात, सूत्रसंचालकही म्हणतो. टाळ्या पडतात आणि आपण घरी येतो. पण सुवर्णाक्षर म्हणजे काय, ते लिहितात कसे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिले आहे? सोने काय शाईसारखे दौतीत भरलेले असते? ते कागदाला चिकटते कसे? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की ही सुवर्णाक्षरे लिहायची कोणी? नेहमी दुसऱ्यानेच लिहायची आणि आपण फक्त वाचायची काय?

आमच्या चाळीसगावात अलीकडेच शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा सुलेखनाचा वर्ग झाला. सुलेखन म्हणजे ज्याला हल्ली सारे कॅलिग्राफी म्हणतात ते. पहिल्या दिवशी बोरूने अक्षर काढणे आणि दुसऱ्या दिवशी त्यावर सोनेरी वर्ख चढवणे असा कार्यक्रम होता. आमच्या महिला मंडळातून आम्ही तिघी गेलो. निघताना शेजारच्या मावशींनी विचारलेच, "काय गं, सुट्टीचे दोन दिवस आणि वर फी. यातून पोटाला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. कष्टकऱ्याच्या घरात सुट्टीचा दिवस म्हणजे धुणे, दळण, मुलांचा अभ्यास आणि आठवड्याची उसंत. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणूनच आजचा हा लेख लिहीत आहे.

बोरूचा धडा

पूर्वी आम्हा कारकून मंडळींना लोक चेष्टेने 'बोरूबहाद्दर' म्हणत. इतकी वर्षे कचेरीत लिहिण्याचे काम करूनही माझ्या हाती बोरू पहिल्यांदाच आला. शिकवणारे सर निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी आल्याबरोबर प्रत्येकाच्या हाती बांबूची एक कामटी दिली आणि सांगितले, "विकतचे पेन बाजूला ठेवा. आधी हत्यार तयार करा."

कामटी तासायची, टोक चपटे करायचे, मग ते धारदार पात्याने तिरके छाटायचे आणि शाई नीट उतरावी म्हणून टोकाला मधोमध बारीक चीर द्यायची. झाला बोरू! शाईचेही तसेच. जुन्या काळी दिव्याचे काजळ आणि बाभळीचा डिंक पाण्यात घोटघोटून शाई करीत. काजळ रंग देते, डिंक त्याला कागदाशी धरून ठेवतो.

नंतरचे सारे रहस्य हाताच्या धरण्यात आहे. बोरूचे टोक रुंद असते. ते एकाच कोनात धरून हात चालवला की एका दिशेला रेघ जाड येते आणि दुसऱ्या दिशेला बारीक. अक्षराचा जाड-बारीकपणा हा दाबून लिहिल्याने येत नाही, तो कोन सांभाळल्याने येतो. हे मुलांना चटकन कळावे म्हणून सरांनी दोन पेन्सिली रबराने शेजारी-शेजारी बांधून दिल्या. त्या दोन टोकांनी 'अ' काढला की अक्षराच्या दोन्ही कडा वेगळ्या दिसतात. ही युक्ती घरी बिनखर्चाची आहे. आपल्या मुलांना आज रात्रीच करून दाखवा.

अक्षराची उंचीही डोळ्यांच्या अंदाजाने ठरवायची नसते. बोरूच्या टोकाची रुंदी हेच माप. तेवढी पाच-सहा टोके एकावर एक मांडायची आणि तेवढ्या उंचीच्या दोन रेघा आखायच्या. बोरू बदलला की माप बदलते, पण प्रमाण तेच राहते. दुपारपर्यंत आम्ही नुसत्या उभ्या, आडव्या, तिरप्या आणि अर्धगोल रेघा काढल्या. पूर्वी शाळेत पुस्ती गिरवून घेत, तसे. शाळकरी मुले कंटाळतील असे वाटले होते, पण सर्वांत आधी कंटाळलो ते आम्ही मोठे!

वर्गात एक पेंटर काका होते. नाव लिहीत नाही, पण चाळीसगावच्या जुन्या लोकांना त्यांचे बोर्ड आठवतील. कापडावर, पत्र्यावर, भिंतीवर त्यांनी हयातभर अक्षरे रंगवली. आमच्या लहानपणी जयंतीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या अंगणात कापडी फलक वाळत पडलेले असत आणि आम्ही पोरे ओल्या रंगाला बोट लावून बोलणी खात असू. पुढे फ्लेक्स आले. संगणकावर नाव टाकायचे, फोटो चिकटवायचा आणि तासाभरात बॅनर हातात. काकांचे काम आधी निम्मे झाले आणि मग बंदच पडले. आता ते घरांना रंग देतात. त्यांच्या मुलीने हट्टाने त्यांचे नाव या वर्गात घातले होते.

काकांनी बोरू हाती घेतला, दोन-चार रेघा ओढून अंदाज घेतला आणि 'भीम' हे अक्षर असे काढले की साऱ्यांचे हात थांबले. सरांनी त्यांना पुढे बोलावले आणि म्हणाले, "उरलेला अर्धा दिवस हे शिकवतील." काका आधी नको नको म्हणाले, मग उभे राहिले. वीस वर्षांत आपल्याला अक्षराबद्दल कोणी काही विचारले नव्हते, असे ते नंतर चहा पिताना बोलले.

बंधू-भगिनींनो, हे आपल्या समाजाचे धन आहे की नाही? चळवळीच्या घोषणा ज्यांनी भिंतीवर गेरूने आणि चुन्याने लिहिल्या, मोर्च्याचे फलक ज्यांनी रात्र जागून रंगवले, त्यांतले अनेक हात आपल्याच वस्त्यांतले होते. त्यांना कोणी कलावंत म्हटले नाही. 'पेंटर' म्हटले आणि मजुरी दिली. आज तीही नाही.

राज्यघटना हाताने लिहिली गेली

संध्याकाळी सरांनी विचारले, "उद्या वर्ख चढवायला प्रत्येकाने एक शब्द निवडा." कोणी मुलाचे नाव म्हणाले, कोणी घराचे. आमच्या मंडळाच्या एका ताईंनी सुचवले की घटनेच्या उद्देशिकेतले चार शब्द घेऊ. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. सर्वांना ते पटले. तेव्हा सरांनी जी माहिती सांगितली ती आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी.

भारताची राज्यघटना 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारली गेली हे आपण जाणतो. पण तिची मूळ प्रत टंकयंत्रावरची नाही की छापखान्यातली नाही. ती हाताने लिहिलेली आहे. इंग्रजी प्रत दिल्लीचे सुलेखनकार प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली. तिरक्या वळणाचे ते अक्षर असे एकसारखे आहे की पाहणाऱ्याला ते छापील वाटावे. हे काम त्यांना सुमारे सहा महिने पुरले. सुलेखन त्यांना आजोबांनी शिकवले होते. मोबदला किती घ्याल असे पंडित नेहरूंनी विचारले तेव्हा त्यांनी पैसे नाकारले आणि प्रत्येक पानावर आपले नाव व शेवटच्या पानावर आजोबांचे नाव लिहू द्यावे एवढेच मागितले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. हिंदी प्रतीचे सुलेखन वसंत कृष्ण वैद्य यांनी केले आणि त्या प्रतीचा हातकागद आपल्या पुण्यात तयार झाला.

पानांची सजावट शांतिनिकेतनचे थोर चित्रकार नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी केली. उद्देशिकेचे पान सजवले ते जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी. त्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'राम' अशी त्यांची सही आहे. घटनेच्या भागांच्या आरंभी मिळून 22 चित्रे आहेत. पाचव्या भागाच्या आरंभी तथागत बुद्धांच्या जीवनातील प्रसंग आहे आणि सातव्या भागाच्या आरंभी सम्राट अशोकाने केलेल्या धम्मप्रसाराचे चित्र आहे. या सजावटीत सोन्याचाही उपयोग केलेला आहे. 24 जानेवारी 1950 रोजी घटना समितीच्या सदस्यांनी त्यावर सह्या केल्या. त्यांत बाबासाहेबांची सही आहे. नंतर डेहराडूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात या प्रतीवरून हुबेहूब 1000 प्रती छापण्यात आल्या. मूळ प्रती आज संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद पेट्यांत जपून ठेवल्या आहेत.

येथे एक मुद्दा ध्यानात घ्यावा. तेव्हा देशात छापखाने नव्हते काय? भरपूर होते. मसुदे छापूनच सदस्यांना वाटले जात होते. तरीही अंतिम प्रत हाताने लिहून घेतली. कारण माणूस ज्या मजकुराला मान देतो त्यासाठी तो वेळ देतो. सहा महिने एका माणसाने बाबासाहेबांच्या मसुदा समितीने घडवलेला शब्द न् शब्द आपल्या हाताने गिरवला. घटना वाचणारे पुष्कळ आहेत. ती इतक्या सावकाश, एकही शब्द न वगळता कितीजणांनी वाचली असेल? हाताने लिहिणे हे सर्वांत सावकाश वाचणे आहे. मुलांना उद्देशिका पाठ करायला लावण्याआधी एकदा सुंदर अक्षरात लिहायला लावा. 'बंधुता' म्हणजे काय, हा प्रश्न लिहिताना आपोआप विचारला जातो. आमच्या वर्गातल्या सातवीच्या मुलाने तो विचारला आणि उत्तर देताना मोठ्या माणसांची धांदल उडाली.

वर्ख आणि श्वास

रविवारी सकाळी हॉलमधले सारे पंखे बंद! खानदेशातला उकाडा आपणास सांगायला नको. पण वर्ख असा नाजूक की पंख्याच्या वाऱ्यावर तो फुलपाखरासारखा उडून जातो.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख आपण पाहिलेला असतो. सोन्याचा वर्ख तसाच. सोने ठोकून ठोकून इतके पातळ करतात की साधारण दहा हजार वर्ख एकावर एक ठेवले तर एक मिलिमीटर जाडी भरावी. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे हिशेब मांडून पाहिला. एक ग्रॅम सोन्याच्या अशा वर्खाने सुमारे अर्धा चौरस मीटर जागा झाकते, म्हणजे जवळजवळ उघडून पसरलेल्या मोठ्या वर्तमानपत्राएवढी! सोने मुळातच इतके मऊ आणि ताणले जाणारे आहे म्हणून हे शक्य होते. आणि ते गंजत नाही, काळे पडत नाही, म्हणून शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्यांतले सोनेरी अक्षर आजही झळकते.

जुनी रीत अशी. खडूची बारीक पूड, सरस आणि थोडा मध यांचे मिश्रण करून त्याने कुंचल्याने किंवा बोरूने अक्षर काढायचे. ते वाळले की कागदावर किंचित उठावदार दिसते. मग कागदाच्या नळीतून त्यावर तोंडाची ऊबदार वाफ सोडायची. त्या ओलाव्याने सरस पुन्हा चिकट होतो. लगेच त्यावर वर्ख ठेवायचा, वरून गुळगुळीत कागद धरून दाबायचा आणि अकीकाच्या दगडाने घोटायचे. शेवटी मऊ कुंचला फिरवला की अक्षराबाहेरचा वर्ख निघून जातो आणि अक्षर तेवढे सोन्याचे राहते. वर्खाला बोट लावायचे नाही, तो बोटालाच चिकटतो. आणि पानावर रंगही भरायचे असतील तर सोने आधी, रंग नंतर. रंगात डिंक असतो, त्यालाही वर्ख धरतो.

सोन्याचा आजचा भाव पाहता आमच्या वर्गात अर्थातच नकली वर्ख होता. तो तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा असतो, थोडा जाड असतो आणि काही शे रुपयांत त्याची पुस्तिका मिळते. त्याला पातळ केलेला फेविकॉलही चालतो. अक्षर काढायचे, ते पूर्ण न वाळता बोटाला किंचित चिकचिकीत लागू लागले की वर्ख ठेवायचा. फक्त हा वर्ख हवेने काळवंडतो, म्हणून वरून पारदर्शक वॉर्निशचा हात द्यावा लागतो.

चार शब्दांत सर्वांत अवघड कोणता ठरला असेल? स्वातंत्र्य! जोडाक्षरांनी भरलेला. एका मापात बसवताना भल्याभल्यांना घाम फुटला. आणि सर्वांत देखणा उतरला तो 'समता'. त्यात चार उभे दंड, सारे एका उंचीचे. एकही लहान झाला की शब्द बिघडतो. आमच्या मंडळातल्या धुणी-भांडी करणाऱ्या एका भगिनीने तो शब्द काढला आणि स्वतःच्या हाताने वर्ख चढवला. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण रांगोळीचा हात पक्का. ठिपके न मांडता सरळ रेघ ओढणाऱ्या हाताला बोरू जड गेला नाही.

या ठिकाणी ब्रह्मदेशाची आठवण होते. 1954 च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, तो हा देश. तेथे 'कम्मवाचा' नावाच्या पोथ्या असतात. भिक्खू संघाच्या विधींचे पाली पाठ त्यांत असतात. काही पोथ्या तर भिक्खूंच्या जुन्या चीवराच्या कापडावर झाडाच्या चिकाचे रोगण चढवून केलेल्या असतात. त्यावर सोने आणि त्यावर चिंचोक्यासारखी गोलसर, जाड, काळी अक्षरे. मुलगा संघात प्रवेश करतो तेव्हा आई-वडील अशी पोथी विहाराला दान देतात. जपान आणि कोरियातही गडद निळ्या कागदावर सोन्याच्या शाईने सूत्रे लिहीत. बौद्ध जगात सुंदर अक्षर हे दान मानले गेले आहे.

मात्र चांगले घेताना वाईटही पाहावे, हे बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले. मंडाले शहरातील प्रसिद्ध महामुनी बुद्धमूर्तीला उपासक रोज सोन्याचा वर्ख लावतात. इतका की मूर्तीवर सोन्याचा जाड थर साठला आहे. पण तो लावण्यासाठी मूर्तीजवळ फक्त पुरुषांना जाता येते. स्त्रियांनी वर्ख पुरुषाच्या हाती द्यायचा आणि लांबून पाहायचे. तथागतांनी स्त्रियांना संघात घेतले आणि त्यांच्या मूर्तीला हात लावायला मात्र मनाई! आमच्या चाळीसगावच्या हॉलमध्ये 'समता' या शब्दावर एका कष्टकरी बाईने सोने चढवले, हे मला त्या मंडालेच्या थरापेक्षा मोलाचे वाटते.

आपल्या डोंगरातला सोनार

सोने आणि अक्षर यांचे नाते पाहायला आपल्याला परदेशी जाण्याचीही गरज नाही. चाळीसगावहून औट्रम घाट चढून कन्नडकडे गेले की सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. एकूण चौदा, आणि त्यांची सुरुवात इसवी सनापूर्वीची. तेथील मलबा 1950 च्या दशकात पुरातत्त्व खात्याने म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली काढला, तेव्हा एका बुटक्या, हसऱ्या यक्षाची दगडी मूर्ती मिळाली. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हातावर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली.

विचार करा! दोन हजार वर्षांपूर्वीचा एक कारागीर. दिवसभर सोने घडवणारा. त्याने दगडात मूर्ती केली आणि तीवर आपले नाव आणि आपला व्यवसाय, दोन्ही लोकांच्या बोलीत लिहून ठेवले. त्याच लेण्यांतील खांबांवर पैठणच्या एका गंध विकणाऱ्या कुळातील मितदेवाचे नाव दाता म्हणून आहे, तसेच मगिल नावाच्या राजवैद्याच्या दानाचे लेख आहेत. राजे-महाराजे नव्हेत, तर धंदा करणारी, हाताने काम करणारी माणसे बौद्ध लेण्यांत आपले नाव अक्षरात लिहीत होती. अक्षर सर्वांचे होते.

पुढे काय झाले ते आपण भोगले आहे. अक्षर काही मोजक्या घरांत कोंडले गेले. गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या हाती, मोडीत लिहिलेले. आपल्या आज्या-पणज्याचे त्यात काय होते? नाव दुसऱ्याने लिहिलेले आणि पुढे अंगठा! कशावर अंगठा दिला हेही त्याला वाचता येत नव्हते. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक'चा पहिला अंक काढला, तेव्हा कुठे अक्षर पुन्हा आपल्याकडे यायला लागले. बाबासाहेबांना फाउंटन पेनांचा किती शौक होता हे सर्वश्रुत आहे. ज्याच्या जातीला लेखणी नाकारली त्याने उत्तमात उत्तम लेखण्या बाळगल्या. यात नुसती हौस पाहू नये.

आता मावशींच्या प्रश्नाचे उत्तर. पोटाला काय मिळणार? खरे सांगायचे तर दोन दिवसांच्या वर्गाने कोणाचे पोट भरत नाही. पण अक्षर हा व्यवसाय होऊ शकतो. र. कृ. जोशी यांनी हाताच्या अक्षराचा अभ्यास संगणकापर्यंत नेला. संगणकावर कित्येक वर्षे आपण ज्या 'मंगल' टंकात मराठी वाचत आलो तो त्यांनी घडवला. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना अक्षररूप दिले. अच्युत पालव यांनी मोडी आणि देवनागरीचे सुलेखन देश-विदेशात नेले आणि 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या मुलांतून असे कोणी का निघू नये? आपले चाळीसगाव तर केकी मूस यांच्यासारख्या कलावंताचे गाव. कला इथे परकी नाही. परकी आहे ती फी भरून आत जायची सवय.

आणि तेच मला सांगायचे आहे. पूर्वी विद्येच्या दारावर जात उभी होती. आज अशा वर्गांच्या दारावर फी उभी असते आणि 'हे आपल्यासाठी नाही' हा आपलाच समज उभा असतो. दोन्ही बाजूला सारता येतात. आम्ही तिघींनी बसून हिशेब केला. बांबूच्या कामट्या, कार्ट्रिज कागद, काळी शाई, नकली वर्खाच्या दोन पुस्तिका, फेविकॉल आणि एक मऊ कुंचला. वीस मुलांचा वर्ग विहारात घ्यायचा तर जयंतीच्या एका मोठ्या फ्लेक्सच्या पैशांत भागेल. शिकवणारा बाहेरून आणायचीही गरज नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत एखादा जुना पेंटर असतोच. त्याच्या घरी जा. त्याला मानाने विहारात बोलवा, त्याच्या कामाचे मानधन द्या, आणि 'पेंटर' म्हणून नव्हे तर 'गुरुजी' म्हणून मुलांपुढे उभे करा.

आमच्या विहारात येत्या 26 नोव्हेंबरला, संविधानदिनी, हाताने लिहिलेली उद्देशिका लावायचे ठरले आहे. मजकूर मुले लिहिणार, चार शब्दांवर वर्ख महिला मंडळ चढवणार आणि चुका तपासणार पेंटर काका. प्रत्येक लिहिणाऱ्याचे नाव खाली बारीक अक्षरात असेल, धुणी-भांडी करणाऱ्या त्या भगिनीचेही. कण्हदासाने आपले नाव लिहिले होते, मग आपण का संकोचायचे?

तुमच्या विहारात असे काही झाले तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. मात्र पत्र हाताने लिहा, ही विनंती!

पुढील अंकी भेटूच. जयभीम! नमो बुद्धाय!